मालगुजारांचे वाडे आणि आजचे पाहुणे

नागपूरजवळच्या उमरेड किंवा रामटेकच्या वाटेवरील एखाद्या गावात जुन्या वाड्याच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडतात, सकाळी सपरीत, म्हणजे ओसरीत, तर्री-पोह्यांची न्याहारी होते आणि निघताना मुक्कामाचे पैसे दिले जातात, तेव्हा या साध्या व्यवहारामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा महसुली इतिहास असतो.

१८५३-५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रज सरकारने गावचा शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. वसुलीची जबाबदारी असलेला माणूस अशा रीतीने वारसाहक्काने गाव धरणारा मालक झाला, आणि नातवंडांच्याही कामी येईल असे घर बांधण्याचा विश्वास त्याला या शाश्वतीतूनच मिळाला असावा. सागवानी खांब, जाड भिंती, कवेलूंचे (कौलांचे) छप्पर, मधला चौक, धान्याचे कोठार अशी ही घरे असत. त्यांतील बैठक मात्र विशेष लक्ष देण्याजोगी आहे. कुळे, कारकून, दौऱ्यावरील अंमलदार आणि परगावचे सोयरे यांची ऊठबस तिथेच होत असल्याने ती दर्शनी बाजूस असे, आणि आलेला माणूस घरातील बायकामाणसांच्या वावरात न येता तिथे राहू शकत असे. आजच्या पाहुण्याला हे घर सोयीचे वाटते, त्याचे श्रेय या रचनेलाच द्यावे लागेल.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी कायद्याने संपली. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे या वाड्यांचे भवितव्य ठरवणारा कायदाही नागपुरातच झाला. कुळांच्या दृष्टीने तो न्याय्य होता, हे येथे नोंदवलेच पाहिजे. मालकांकडे वाडा आणि घरची शेती उरली. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या शेतीलाही मर्यादा आली. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याचा खर्च मात्र कमी झाला नाही. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नागपुरात गेली आणि अनेक वाड्यांना कुलपे लागली.

पाहुणे पुन्हा आले ते जंगलामुळे. महाराष्ट्रातील पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले. पहाटेच्या सफारीसाठी रात्रीचा मुक्काम जवळच लागतो. दरम्यान केंद्र सरकारने निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घरांना मान्यता देण्यास सुरुवात केली होती, तर २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. केंद्राच्या योजनेतील एक अट मला सर्वांत मोलाची वाटते: मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. त्यामुळे बंद वाड्यात केवळ व्यवस्थापक नेमून ही मान्यता मिळत नाही. नागपुरात स्थिरावलेल्या घरातील कोणाला तरी आधी गावी राहायला परतावे लागते.