180 जीबी मोकळे, पण निघतात फक्त 11

चवथीला भाचा फोंड्याहून आला तो लॅपटॉप घेऊनच. आरत्या आटोपल्या, माणसं पांगली आणि तो माझ्याशेजारी येऊन बसला. "मावशी, विंडोज तसंच ठेवून बाजूला लिनक्स घालायचंय. सी ड्राइव्हवर 180 जीबी मोकळे दिसतात, पण कापायला गेलो तर 11 जीबीच मिळतात म्हणतो. डिस्क गेली काय?"

डिस्क ठणठणीत होती. मोकळी जागा आणि कापून काढता येणारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालू पाहणारे बरेच जण इथेच अडतात, आणि घाबरून सगळी डिस्क पुसून टाकतात. तसं करायची काहीच गरज नसते.

त्याची डिस्क 500 जीबीची, विंडोज मात्र 465 दाखवतं. ही चोरी नव्हे. डिस्क बनवणारे 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात. विंडोज 107 कोटी 37 लाखांच्या आसपास धरतं. माप बदललं की आकडा बदलतो.

आता खरी अडचण. विंडोज डिस्कची जागा साधारणपणे 4 केबीच्या छोट्या तुकड्यांत वापरतं. फाइल लिहायची झाली की जिथे तुकडे मोकळे सापडतील तिथे ती बसते. चार वर्षं वापरलेल्या डिस्कवर फाइली अशा सगळीकडे पसरलेल्या असतात. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला भाग, मात्र सलग असावं लागतं, आणि विंडोज ते लहान करतं ते फक्त शेवटाकडून. म्हणजे मधे कितीही जागा रिकामी असो, शेवटाजवळ एक न हलणारी फाइल बसली असेल तर हद्द तिच्या अलीकडे येत नाही. भाच्याच्या डिस्कवर अशी फाइल 454व्या जीबीच्या आसपास होती. 465 मधून 454 गेले, उरले 11.

आपल्याकडे भाटाची, म्हणजे बागायतीची, वाटणी होते तेव्हा हेच घडतं. अर्धं भाट ओसाड असलं, तरी टोकाला राखणदार देवाची घुमटी असेल तर ती कोणी हलवत नाही. मेर घालायची ती घुमटीला धरून. फरक एवढाच, की डिस्कवरच्या बऱ्याचशा घुमट्या थोड्या वेळापुरत्या उचलता येतात.

त्या कोणत्या? पहिली हायबरनेशनची फाइल. लॅपटॉप झोपवताना रॅममधला मजकूर तिच्यात उतरवला जातो. दुसरी पेजफाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. तिसरे रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोज बिघडलं तर मागे जाण्यासाठी जपलेल्या खुणा. आणि चौथी प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारी वहीच, मास्टर फाइल टेबल. नेमकं कोण आडवं आलंय हे ओळखायला विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडायचा, अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत 259 क्रमांकाची नोंद शोधायची. शेवटची न हललेली फाइल कोणती, तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. ही नोंद फार थोड्यांना माहीत आहे. मला ती या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. आमच्या नोंदीत पेजफाइल होती.

आधी बॅकअप. फोटो आणि कॉलेजचं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. त्यात तडजोड नको. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप सुरू होण्याच्या पद्धतीत (बूटमध्ये) बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हायबरनेशन बंद केलं, व्हर्च्युअल मेमरीत 'पेजिंग फाइल नको' निवडलं, रिस्टोर पॉइंट बनवणारं सिस्टीम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद केलं आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. डिस्क फिरणारी, जुन्या पद्धतीची होती, म्हणून पसरलेल्या फाइली गोळा करायला रात्रभर डीफ्रॅगलाही लावली. चार्जर इन्व्हर्टरच्या सॉकेटला. पावसाळ्यात आमच्या वाड्यावर वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि हद्द सरकवताना लॅपटॉप बंद पडणं यासारखा धोका नाही.

सकाळी 11च्या जागी 140 दिसले. पार्टिशन लहान करायचं विंडोजचं साधन, डिस्क मॅनेजमेंट, आकडा एमबीत मागतं. आम्ही 102400 घातला, म्हणजे बरोबर 100 जीबी. पट्टीच्या उजव्या टोकाला काळ्या रेघेखाली 'अनअ‍ॅलोकेटेड' असा तुकडा उमटला. भाचा लगेच त्यावर नवा ड्राइव्ह बनवायला निघाला, त्याला थांबवलं. तो तुकडा तसाच कोरा ठेवायचा, लिनक्सचा इन्स्टॉलर त्यात स्वतःची पार्टिशनं करतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराला किमान 25 जीबी लागतात, 100 मध्ये ऐसपैस राहता येतं.

पेजफाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन नंतर परत चालू केलं, हायबरनेशन मात्र बंदच ठेवलं. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही. त्याची स्थिती हायबरनेशनच्या फाइलीत जपलेली असते. अशा वेळी लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. हायबरनेशन गेलं की फास्ट स्टार्टअपही जातं.

पीसीवर पार्टिशन ही कल्पना याच कामासाठी आली, याचं मला कौतुक वाटतं. 1983 मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीत 10 एमबीची हार्ड डिस्क होती. त्यावरच्या पीसी डॉस 2.0 या ऑपरेटिंग सिस्टीमने डिस्कच्या अगदी सुरुवातीला 64 बाइटांचा तक्ता ठेवला. प्रत्येकी 16 बाइटांच्या चार नोंदी, म्हणजे एका डिस्कवर चार वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमना जागा. आजच्या, जीपीटी नावाच्या तक्त्यात अशा नोंदी सहसा 128 असतात, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते.

संध्याकाळी लिनक्स चालू झालं. रात्री आठला भाच्याने परत विंडोज उघडलं आणि हाक मारली, "मावशी, घड्याळात अडीच वाजलेत!" मदरबोर्डवर घड्याळ एकच. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्सला एका आज्ञेने सांगता येतं, की या लॅपटॉपवरचं घड्याळ गोव्याच्या वेळेने चालतं.