ग्रेड कितवी, स्टेज कितवी?

मावशीच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला शुक्रवारी संध्याकाळी आणि डॉक्टरांची वेळ मिळाली सोमवारची. मधले अडीच दिवस तो रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहिला. दोन पानांच्या त्या इंग्रजीत आम्हाला कळण्यासारखा एकच शब्द होता, ग्रेड, आणि त्याच्या पुढे रोमन तीन. मामेभावाने खाली लिहिलं, 'थर्ड स्टेज आहे.' शनिवारी सकाळीच नात्यातल्या एका काकांचा फोन आला, तिसऱ्या स्टेजला ऑपरेशन करून त्या बिचारीचे हाल कशाला करता? रविवारी मावशीने पाटल्या कुणाला आणि मोहनमाळ कुणाला हे सांगायला सुरुवात केली.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्टेज मला अजून माहीत नाही. तुम्हाला कशी कळली?"

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. त्यानंतर ओळखीपाळखीच्या लोकांच्या बऱ्याच फायली चाळल्या आणि हाच घोटाळा पुन:पुन्हा पाहिला. दोन्ही शब्द इंग्रजी, दोन्हींच्या पुढे आकडा, तोही बहुधा एक ते तीन किंवा चार. त्यात 'लास्ट स्टेज' हा शब्द आपल्या कानात इतका मुरलेला आहे की मोठा आकडा दिसला की मन थेट तिथेच जातं.

ग्रेड ठरते काचपट्टीवर. गाठीचा जो तुकडा काढतात तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात, केसाहून पातळ काप काढतात, जांभळा आणि गुलाबी रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पॅथॉलॉजिस्टचा प्रश्न असा असतो: ही पेशी ज्या अवयवातून आली, त्याची ओळख तिच्यात किती उरली आहे? बऱ्यापैकी उरली असेल तर ग्रेड एक. मूळची घडण जवळजवळ पुसली गेली असेल, तर तीन. तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये आकड्याऐवजी 'वेल', 'मॉडरेटली' किंवा 'पुअरली डिफरन्शिएटेड' असे शब्द येतात, अर्थ तोच. (यातला 'पुअरली' पाहून 'रिपोर्ट पुअर आला' असं सांगणारेही मला भेटलेत.)

स्तनाच्या कॅन्सरमध्ये ही ग्रेड चक्क गुण देऊन काढतात. पेशी नळ्यांसारखी मूळ रचना किती करतात, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत आणि दुभंगणाऱ्या पेशी किती दिसतात, या तिन्हींना एक ते तीन गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड एक, ६ किंवा ७ आली तर दोन, ८ किंवा ९ आली तर तीन. मावशीची बेरीज आठ होती. गाठ केवढी आहे, काखेत गेली आहे का, यकृतात काही आहे का, यातलं काहीही त्या बेरजेत नव्हतं. असणार कसं? तुकडा सुतळीएवढा. तो आपल्यापुरतं सांगतो.

स्टेज मात्र अख्ख्या शरीराचा नकाशा पाहून ठरते. त्यासाठी डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, कधी पेट स्कॅन, आणि पुष्कळदा ऑपरेशननंतर आलेला मोठा रिपोर्टही लागतो. फाइलीत टी, एन, एम ही अक्षरं दिसतात ती याचीच. फ्रान्सच्या पिएर देन्वा यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत बांधायला घेतली आणि अजून जगभर तीच चालते. टी म्हणजे मूळ गाठ केवढी आणि किती खोल, एन म्हणजे लसिकाग्रंथींत (काखेत, मानेत असतात तशा छोट्या गाठींत) गेली आहे का, एम म्हणजे दूरच्या अवयवात पोहोचली आहे का. तिन्ही मिळून स्टेज निघते.

शेतीत वाढलेल्या माणसाला हे मी तणावरून सांगतो. तांदुळजा उपटला की संपला. हराळीची काडी मातीत राहिली तरी पुन्हा फुटते. तण कसल्या जातीचं वागतंय, हा झाला ग्रेडचा प्रश्न. ते एका वाफ्यात आहे, पाटाच्या कडेने पुढे सरकलंय, की बांध ओलांडून पलीकडच्या वावरात गेलंय, हा स्टेजचा. एका वाफ्यातली हराळी आणि वावरभर तांदुळजा, दोन्ही होऊ शकतं. उपमा तेवढ्यापुरतीच घ्यायची. कॅन्सर उपटून होत नाही आणि ग्रेड म्हणजे कॅन्सरचा प्रकारही नाही.

दोन आकडे किती वेगळे चालू शकतात याचं टोकाचं उदाहरण म्हणजे डीसीआयएस. स्तनाच्या दूधनलिकेच्या आतच कोंडलेल्या अशा पेशी 'हाय ग्रेड' असू शकतात, पण नळीची भिंत त्यांनी ओलांडलेली नसते, म्हणून स्टेज शून्य. आमच्या ग्रुपवर असा रिपोर्ट आला असता तर शून्याचं तिसरी व्हायला पाच मिनिटं पुरली असती.

दुसरं टोक लिम्फोमाचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्याच कॅन्सरचं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. फॉलिक्युलर लिम्फोमा हा बहुधा लो ग्रेड, संथ. तो सापडतो तेव्हा बऱ्याच जणांत तिसऱ्या-चौथ्या स्टेजला पोहोचलेला असतो, आणि तरीही माणसं वर्षानुवर्षं चालती-फिरती असतात. काहींना तर सुरुवातीला औषधच देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. उलट मोठ्या पेशींचा बी-सेल लिम्फोमा हा हाय ग्रेड, झपाट्याने वाढणारा, पण औषधांनी पुरता बरा होण्याची शक्यता त्यातच जास्त. हे उफराटं वाटतं. कारण असं की किमोची बरीचशी औषधं दुभंगत असलेल्या पेशींनाच गाठतात. जी पेशी सुस्त पडून आहे ती त्यांच्या तावडीत कमी सापडते, जी भराभर वाढते ती अधिक सापडते. मावशीच्या डॉक्टरांनी ग्रेड तीनकडे बोट दाखवून हेच सांगितलं होतं: "ही पेशी घाईत आहे, म्हणून किमो देऊ. घाईतली पेशी औषधाला लवकर सापडते." वाईट आकड्याचा असाही उपयोग असतो हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मात्र जास्त ग्रेड म्हणजे चांगलं, असाही अर्थ कुणी काढू नये. बाकी सगळं सारखं असेल तर ग्रेड तीनचा आजार ग्रेड एकपेक्षा परत येण्याची भीती अधिक, आणि म्हणूनच उपचार जास्त जोराचे.

काही ठिकाणी दोनांपैकी एकच आकडा असतो. मेंदूच्या गाठींना एक ते चार अशी फक्त ग्रेड असते, कारण त्या मेंदूबाहेर क्वचितच जातात. तिथे स्टेज विचारली तर डॉक्टर गप्प बसतात, लपवत नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या वर्गीकरणात मेंदूच्या गाठींची ग्रेड रोमन आकड्यांऐवजी साध्या आकड्यांत लिहायला सुरुवात केली. एक उभी रेघ कमीजास्त वाचली गेली तर दोनाचे तीन होतात, हे एक कारण. म्हणजे फसणारे आम्ही एकटेच नव्हतो. अक्यूट ल्युकेमियालाही, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरलाही, नेहमीच्या अर्थाने स्टेज नसते. रक्तच सगळीकडे फिरतं, तिथे पसरला का हा प्रश्नच लागू होत नाही.

प्रोस्टेटचा आकडा सगळ्यांत जास्त घाबरवतो. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९६०च्या दशकात बसवलेला स्कोअर दहापर्यंत जातो. वडिलांच्या रिपोर्टवर '३ + ३ = ६' पाहून मुलगा म्हणतो, दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याच्या पुढे गेलं. पण बायोप्सीत आज दिला जाणारा सर्वांत कमी स्कोअर सहाच असतो. हा गोंधळ इतका झाला की आता त्याच्या शेजारी एक ते पाच असा 'ग्रेड ग्रुप' लिहितात आणि त्यात सहा म्हणजे ग्रुप एक.

आणि मॅमोग्राफीच्या रिपोर्टवरचं बायरॅड्स ४. हे ग्रेड नव्हे आणि स्टेजही नव्हे. चित्रात शंका घेण्यासारखं काही दिसतंय, तुकडा तपासा, एवढाच त्याचा अर्थ. तपासल्यावर त्यातल्या कित्येक गाठी साध्या निघतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीतलं सीआयएन १, २, ३ हेही कॅन्सरच्या आधीच्या बदलांचं मोजमाप आहे. सीआयएन ३ वर वेळेत उपचार केले तर कॅन्सर होण्याचं टळू शकतं.

इतका वेळ दोन्ही वेगळे म्हणून सांगितलं, आता एक पाचर. स्तनाच्या कॅन्सरची स्टेज काढण्याची अमेरिकी पद्धत २०१८पासून बदलली. गाठीचा आकार आणि ग्रंथींबरोबर ग्रेड, पेशीवरचे हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोन जिथे चिकटतं ती जागा) आणि हर-टू नावाचं प्रथिन हेही त्यात धरतात. त्यामुळे एकाच बाईची स्टेज जुन्या हिशेबाने वेगळी आणि नव्याने वेगळी येऊ शकते. दोन डॉक्टरांनी दोन आकडे सांगितले तर कुणी तरी खोटं बोलतंय असं समजण्याआधी, कोणत्या हिशेबाने, हे विचारावं.

स्टेज ऑपरेशननंतरही बदलते. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत हाताला काही लागत नाही, तरी ग्रंथींत पेशी लपलेल्या असू शकतात. मग मान आधीच साफ करावी की गाठ दिसेपर्यंत थांबावं? परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न चाचणी घेऊन सोडवला, २०१५मध्ये निकाल छापला. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. त्यामुळे तोंडाची गाठ छोटी असताना डॉक्टर मानेलाही छेद द्यायचा म्हणाले, तर 'पहिल्या स्टेजला एवढं कशाला' म्हणून पळू नये. मानेतून काढलेल्या ग्रंथी तपासल्यावरच पहिली स्टेज खरोखर पहिली होती का ते कळतं.

मला स्वतःला दोन आकड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक वाटतो तो वेगळाच. गाठीचा स्वभाव आपल्याला निवडता येत नाही. ती कुठवर जाईपर्यंत आपण थांबलो, यात मात्र आपला हात असतो, आणि हे मुंबईनेच दाखवून दिलं. १९९८पासून वीस वर्षं चाललेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात शहरातल्या दीड लाखांवर बायका होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. मॅमोग्राफी नाही, मोठं यंत्र नाही. तपासणी झालेल्या बायकांत ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांतल्या ३७ टक्के तिसऱ्या-चौथ्या स्टेजला होत्या, तपासणी न झालेल्यांत ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. याच उपक्रमात गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, लावून पांढरा डाग पाहायची साधी तपासणीही होती. त्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तोंडाचं तर दिसण्यातलंच दुखणं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं व्रण, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जाईनाशी होणं. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांत हे तोंड आखडणं कॅन्सरच्या आधीच सुरू होतं. मिसरी लावणाऱ्या आज्या-मावश्यांना आपण तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाही, पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: ही ग्रेड आहे की स्टेज? स्टेज ठरायला अजून कुठल्या तपासण्या बाकी आहेत? आणि उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहेत की आजार ताब्यात ठेवण्यासाठी? तिसरा प्रश्न विचारायला जीभ जड होते, पण त्याचं उत्तर स्टेजच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतं. बरोबर जाणाऱ्याने उत्तरं वहीत लिहून घ्यावीत, कारण ऐकणाऱ्याच्या कानात त्या दिवशी काही शिरत नाही. आणि ग्रुपवर काय टाकायचं ते घरी येऊन, पेशंटला विचारून.

मावशीची गाठ अडीच सेंटीमीटरची निघाली, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. स्टेज दोन. ऑपरेशन, किमो आणि शेक मिळून वर्षाचा बराचसा भाग गेला. मधल्या दिवाळीत डोक्यावर केस नव्हते, तरी चकलीचा सोऱ्या तिने कुणाच्या हातात दिला नाही. फाइलीत अजूनही ग्रेड तीनच लिहिलेलं आहे. फाइल आता वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, कपाटातून निघते. पाटल्या तिच्याच हातात आहेत, आणि कुणाला द्यायच्या ठरल्या होत्या ते ती आता सांगत नाही.