पंचविसाव्या हिश्शाची मसल कार

१९६९ ची डॉज चार्जर सव्वापाच मीटर लांब. गिरगावातल्या एखाद्या वाडीत ती शिरलीच, तर मागे घेताना अख्खी वाडी खाली उतरेल. तिचं १/२५ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल मात्र जेमतेम एकवीस सेंटिमीटरचं असतं आणि दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये आरामात मावतं. मुंबईत अशा मसल कारची, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकी गाड्यांची, किटं जोडून रंगवणारी मंडळी मूठभर आहेत, पण आहेत. त्यातल्या बहुतेकांनी खरी चार्जर रस्त्यावर धावताना कधी पाहिलेली नाही. जिच्याशी आपला काडीचा संबंध नाही अशा गाडीपायी रविवार कशाला घालवायचे, असं घरचे विचारतातच. त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

हा छंद सुरू झाला तो मोटारविक्रेत्याच्या टेबलावर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाड्यांचा खप वाढला आणि डेट्रॉइटच्या कंपन्या दर वर्षी गाडीचा चेहरामोहरा बदलू लागल्या. नवी गाडी शोरूममध्ये आली की तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती डीलरकडे ठेवली जायची. सोबत आलेल्या पोराच्या हातात ती दिली की पोरगं गप्प आणि बाप निवांत. या प्रतिकृतींना ‘प्रोमो’ म्हणत. डेट्रॉइटची जो-हान आणि मिशिगनमधल्याच ट्रॉय इथली एएमटी या कंपन्या त्यासाठीच उभ्या राहिल्या, दोन्ही १९४७-४८ च्या आसपास. गाडी बाजारात यायच्या आधीच कंपनीची ड्रॉइंगं यांच्या हाती पडायची, त्यामुळे खरी गाडी आणि छोटी गाडी एकाच सुमाराला लोकांसमोर यायची. प्रोमोचा रंगसुद्धा त्या वर्षीच्या कंपनीच्या रंगपत्रिकेतला असे, म्हणजे गिऱ्हाइकाला रंगाचा नमुनाही हातात मिळे. सुरुवातीच्या प्रोमोंचं ॲसिटेट प्लॅस्टिक कालांतराने आपोआप वाकायचं. आज जुन्या प्रोमोंच्या बाजारात टप सरळ राहिलेली गाडी सापडली तर भाव चढतो. पुढे पॉलिस्टायरीन आलं आणि ही कटकट संपली.

१९५८ मध्ये एएमटीने हेच साचे वापरून सुटे भाग खोक्यात घालून विकायला काढले. ‘थ्री इन वन’ असं त्या किटाला म्हणत. एकाच खोक्यातून कंपनीची मूळ गाडी करा, शर्यतीची करा किंवा मनासारखी सजवलेली करा. आता ज्याला आपण हा छंद म्हणतो त्याचा पाया इथे पडला. त्या पहिल्या किटांत इंजिन नव्हतं, खाली प्रोमोचाच सपाट तळ आणि आरपार लोखंडी आस. पण उरलेले जादा बंपर, स्पॉयलर, चाकांच्या टोप्या पुढच्या गाडीसाठी डब्यात जमू लागल्या. त्या डब्याशिवाय आजही कुठल्याच मॉडेलवाल्याचं टेबल पूर्ण होत नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या किटांच्या किमतीचं कोडं तिच्यात आहे. किटाचा साचा पोलादाचा असतो आणि तो कोरणं हाच सगळ्यात मोठा खर्च. गाडी दर वर्षी थोडी बदलायची, म्हणून कंपन्या नवा साचा न करता जुनाच साचा खरवडून, त्यात भर घालून पुढच्या वर्षाचा करायच्या. यांना ‘ॲन्युअल’ म्हणतात. १९६५ ची जाळी कोरली की १९६४ ची गाडी कायमची गेली. मूळ साचा कुठल्या तरी गोदामात पडून आहे आणि उद्या काढून पुन्हा छापतील, ही आशा त्या गाड्यांच्या बाबतीत फोल असते. म्हणून काही वर्षांच्या गाड्या स्वस्तात पुन्हापुन्हा मिळतात आणि त्याच गाडीचं आधलं वर्ष पेटीबंद सापडलं तर दामदुप्पट मोजावे लागतात. खोक्यावरच्या चित्राला भुलून किट घेणाऱ्याने साच्याची वंशावळ आधी बघावी, हे माझं ठाम मत. खोक्यावर नवं चित्र आणि आत साठ वर्षांचा थकलेला साचा, कडांना प्लॅस्टिकच्या झालरी आलेल्या, असा प्रकार काही विरळा नाही.

मसल कार या सगळ्यात आली १९६४ मध्ये. कल्पना साधी होती: मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम असा की मध्यम गाडीला ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही. कंपनीच्याच पॉन्टिॲक विभागातल्या, जॉन डिलोरियनच्या हाताखालच्या इंजिनियरांनी पळवाट काढली. ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन त्यांनी टेम्पेस्ट ल मान्स गाडीवर ‘ऐच्छिक पॅकेज’ म्हणून दाखवलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. त्याच वर्षी एप्रिलात फोर्डची मस्टँग आली, ती दिसायला चपळ आणि खिशाला परवडणारी. मग स्पर्धा सुरू झाली. क्रायस्लरने १९६६ मध्ये ४२६ हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांना द्यायला सुरुवात केली: ७ लिटर, कंपनीच्या आकड्यात ४२५ अश्वशक्ती. आपल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं होतं, यावरून काय ते समजा.

किटवाल्यांच्या दृष्टीने ही पर्वणीच होती. मसल कारचं सगळं मर्म बॉनेटखाली, त्यामुळे तोवर इंजिनासह येऊ लागलेली किटं पोरांनी उचलून धरली. एएमटी सोडून निघालेल्या जॉर्ज टोटेफने काढलेली एमपीसी, जुनी एएमटी, जो-हान आणि शिकागोकडची मोनोग्राम यांच्यात चढाओढ लागली. मोनोग्रामचं माप मात्र १/२४, म्हणजे फुटाला अर्धा इंच. चार्जरच्या लांबीत या दोन मापांनी एक सेंटिमीटरचाही फरक पडत नाही, पण एकाचं इंजिन दुसऱ्यात बसवायला गेलं की मोजपट्टी न लावताही खोट दिसते.

हेमीच्या किटात इंजिन जोडताना वाकबगार माणूस कोण हे प्लगच्या वायरींवरून कळतं. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला सुईपेक्षा बारीक ड्रिलने आठ भोकं पाडायची आणि तांब्याच्या बारीक तारा १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने ज्या त्या सिलिंडरकडे न्यायच्या. क्रम चुकला तरी मॉडेल काही बंद पडत नाही. पण बघणारा जाणकार असेल तर तो पहिल्यांदा तिथेच वाकून बघतो.

खऱ्या मसल कारचा खेळ दहा वर्षांत आटोपला. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धूर मोजायला लावला, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन आणि त्याबरोबर ताकद उतरवली आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलंसुरलं संपवलं. किटांच्या धंद्यालाही उतरती कळा लागली. त्याआधी गोंद हुंगण्याचं व्यसन मुलांत पसरलं होतं, इतकं की टेस्टर्स कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या गोंदात झणझणीत मोहरीचं तेल घातलं, हुंगणाऱ्याचं नाकच झोंबावं म्हणून. ऐंशीच्या दशकात मोनोग्राम आणि रेव्हेल यांनी मसल कारसाठी नवे साचे केले. ग्राहक तेव्हाची पोरंच होती, आता पोटं सुटलेली आणि पगार असलेली. १९८६ मध्ये या दोन कंपन्या एक झाल्या. एएमटी आणि एमपीसी ही नावं हातोहात फिरत आज राउंड टू या कंपनीकडे आहेत, आणि तिनेच अलीकडे खरवडून गेलेल्या काही जुन्या साच्यांची नव्याने नक्कल सुरू केली आहे.

मुंबईची गोष्ट याला समांतर नाही, तिरकी आहे. डेट्रॉइटच्या गाड्या इथे अनोळखी नव्हत्या. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला शेवर्ले जोडत होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडायला घेतल्या, क्रायस्लरच्याच. पण १९५३ च्या सरकारी धोरणाने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना दार दाखवलं, शिवडीचा कारखाना १९५४ ला बंद झाला. कुर्ल्यात हळूहळू सगळा भर फियाटवर गेला आणि डॉजचं नाव ट्रकांपुरतं उरलं. चार्जर आणि प्लिमथ रोड रनर जन्माला आल्या तेव्हा त्यांच्या घराण्याशी मुंबईची सोयरीक जवळपास मोडलेली होती.

किटांचं तर त्याहून अवघड. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर बंदी, त्यात खेळणी म्हणजे चैनच. जहाजावर नोकरीला असलेला कोणी काका, आखाताहून सुट्टीवर आलेला शेजारी, नाहीतर मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्याकडचा ‘फॉरेनचा माल’, एवढ्याच वाटा. खोकं मिळालं तरी त्यात रंग नसायचे आणि गोंदाची ट्यूब वाळलेली असायची. लोक १९९१ चं नाव घेतात, पण या छंदापुरतं खरं वर्ष २००१. उपभोग्य वस्तूंवरचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ ला शेवटी उठले, तेव्हा कुठे किट उजळ माथ्याने दुकानात दिसू लागलं. पुढे ऑनलाइन खरेदी आली. मग फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. छोट्या मापाची मॉडेल्स सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ या खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, त्यामुळे खुळखुळ्याचा नियम चाळिशीतल्या माणसाच्या चार्जरलाही लागला. या शहरात कोणती गाडी कोणाच्या शोकेसमध्ये आहे हे आवडीपेक्षा आयातधोरणाने जास्त ठरवलंय, असं मला वाटतं.

रंगाच्या बाबतीत मात्र मुंबईने आपली वाट काढली, तीही नाइलाजाने. परदेशी मॉडेल-रंगांचे स्प्रे ज्वालाग्राही, विमानाच्या टपालाने येत नाहीत. म्हणून इथला मॉडेलवाला गेला डेंटिंग-पेंटिंगच्या बाजारात. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसकडे गाडीचा रंग कोडवरून मिसळून देणारे आहेत. तिथला संवाद ठरलेला. “कुठली गाडी?” “छोटी आहे.” “किती लिटर देऊ?” “पन्नास मिली.” पुढचं ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

हा रंग खऱ्या पत्र्यासाठी बनलेला असतो, त्याचे दोन काटे आहेत. एक म्हणजे एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायचा द्राव. कडक थिनर पॉलिस्टायरीनला चावतो, पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. आधी प्रायमरचे दोन-तीन धुक्यासारखे हलके हात, तेही सुकू देऊन, मगच रंग. दुसरा काटा मेटॅलिकचा. खऱ्या गाडीच्या रंगातला ॲल्युमिनियमचा कण १/२५ मापावर पंचवीसपट मोठा भासतो आणि गाडी चमचमाट पावडर शिंपडल्यासारखी दिसते. १९७० च्या क्रायस्लर रंगांत हा फरक नीट कळतो. डॉजचा ‘हेमी ऑरेंज’ सपाट रंग आहे, तो इथल्या दुकानातून मिसळून आणला तरी फसवत नाही. जांभळा ‘प्लम क्रेझी’ मेटॅलिक, तो बारीक कणाचा मिळाला तरच हात घालावा. गंमत म्हणजे हेच दोन रंग प्लिमथच्या गाडीवर ‘टॉर रेड’ आणि ‘इन-व्हायोलेट’ या नावांनी जात, डबा तोच.

रंग फवारायची गन आणि कंप्रेसर या शहराला नवे नाहीत. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत शेला, पितांबर, अंगकांती याच गनने होतात. तिथे काम केलेल्या माणसाला कडेवर रंग साचू न देता हात कसा फिरवायचा हे शिकवावं लागत नाही. खोटं क्रोम काढायला ब्लीच, सांध्यांतली फट बुजवायला एम-सील, खिडकीच्या वादीवर चिकट फॉइल. फेविक्विक मात्र काचेच्या भागांपासून लांबच ठेवावं, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुकट होतं.

आणि पावसाळा. जुलैत लॅकर मारला की थिनर झरझर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळी गाडी दुधाळ होते. सुकणं लांबवणारा रिटार्डर घालून हे थोडं आवरतं, पूर्ण नाही. म्हणून इथले अनुभवी लोक पावसाळ्यात इंजिन, चासी, सीटा असली मॅट कामं उरकतात, आणि बॉडीचा रंग अन् क्लिअर कोट ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हासाठी राखून ठेवतात. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, क्लिअर मारायचा असेल तर खिडक्या उघड्या आणि तोंडाला रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क, कापडी रुमाल नव्हे. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट. त्यानंतर आठवडाभर बॉडीला बोट लावायचं नाही, मग २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर.