बीपीच्या मशीनवर हृदय लुकलुकतं तेव्हा

घरच्या मशीनवर १४६/८८ येतं आणि शेजारी एक छोटं हृदय लुकलुकत राहतं. आकडे वहीत जातात, चिन्ह सुटून जातं. मोजणी चालू असताना ते प्रत्येक ठोक्याला लुकलुकणारच. मोजणी संपल्यावरही थांबलं नाही, तर काही मशीनमध्ये त्याचा अर्थ ठोके अनियमित आहेत असा असतो. सोबतचं माहितीपत्रक एकदा वाचून घ्या.

असं चिन्ह आलं की आकड्यांवरचा भरवसाही कमी होतो. पट्ट्यातली हवा सुटताना दंडाच्या धमनीच्या ठोक्यांनी पट्ट्यात बारीक थरथर उठते. ती सर्वांत मोठी असते तिथे सरासरी दाब. वरचं-खालचं बीपी मशीन त्यावरून हिशोबाने काढतं. ठोके वेडेवाकडे असले की हा हिशोबच डळमळतो. लांब थांबून आलेला ठोका जोरकस, लगोलग आलेला अशक्त, कारण तेवढ्यात हृदय पुरतं भरलेलंच नसतं. म्हणून एका आकड्यावर गोळी कमी-जास्त करू नका. मिनिटामिनिटाने तीनदा मोजा, सरासरी लिहा.

हात हलला, मध्येच बोललात, तरी चिन्ह येतं. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा छातीच्या उंचीवर हवा. हात मांडीवर ठेवून पट्टा १० सेंटिमीटर खाली गेला, तर बीपी जवळजवळ ८ ने जास्त दिसतं.

मग अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. एखादाच ठोका चुकून पुन्हा लय लागली, तर ते बहुधा निरुपद्रवी असतं. ठोके पत्र्यावरच्या पावसासारखे पडत असतील, त्यांना लयच नसेल, तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लयीत न आकुंचता नुसते थरथरण्याची, शंका घ्यावी. त्यात हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गाठ होते, ती मेंदूत गेली तर लकवा. हा धोका सुमारे पाचपट. खात्री ईसीजीनेच होते, तोही लय बिघडलेली असताना काढलेला. अशक्त ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, म्हणून मशीनवरची नाडी ७२ असली तरी हृदय त्याहून वेगात धावत असू शकतं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि वर घाम गेला, तर बीपी उतरतं, उभं राहताच अंधारी येते. पोटॅशियम घटलं की ठोकेही चुकतात. गोळी मनाने बंद करू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. घाम जातो म्हणून मीठही मनाने वाढवू नका. उडदाच्या पापडात मीठ असतंच, पापडखारातही सोडियमच असतं.

छातीत दुखणं, धाप, बेशुद्धी, तोंड वाकडं होणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ लावा.