ढीग तापला म्हणून पाणी ओतू नका

कंपोस्ट खताच्या ढिगात आमचं कल्चर, म्हणजे काडीकचरा कुजवणारे पाकिटातले जीवाणू, टाकल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास फोन येतो : "ढिगात हात घालवत नाही, पाणी मारू का?" थांबा. ढीग तापला म्हणजे जीवाणूंचं काम सुरू झालं.

पेंढा, काड्या, वाळकी पानं यांचा सांगाडा सेल्युलोजचा. ग्लुकोजचे हजारो रेणू ओळीनं जोडलेल्या लांब साखळ्या, आणि त्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की आत पाणीही सहज शिरत नाही. वरून लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडक करणाऱ्या चिवट पदार्थाचा लेप. हे फोडायला जीवाणूंच्या एका एन्झाइमचं, म्हणजे तोडफोड घडवून आणणाऱ्या एका प्रथिनाचं, बळ पुरत नाही. एक साखळीवर मध्येच घाव घालतं. दुसरं सुट्या झालेल्या टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं. तिसरं त्या जोड्या फोडतं. ते मागे पडलं तर जोड्या साचतात आणि दुसऱ्याचाही वेग मंदावतो.

पाकिटातला थर्मोबिफिडा फुस्का हा जीवाणू ५० ते ५५ अंश सेल्सिअसला जोमानं वाढतो. एरवीची बरीचशी प्रथिनं ज्या उष्णतेत उलगडून निकामी होतात, तिथे याची एन्झाइमं घडी न मोडता काम करतात. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम तर ६० अंशांना रमतो आणि आपली एन्झाइमं एकाच चौकटीवर बांधून काडीला भिडवतो. बायर आणि लॅमेड या शास्त्रज्ञांनी १९८३मध्ये वर्णन केलेली ही रचना आम्हाला आजही थक्क करते. पण त्याला हवा सोसत नाही, म्हणून तो पाकिटात नाही.

ढीग लांबी, रुंदी, उंचीला निदान एक मीटर हवा, नाहीतर ऊब टिकत नाही. थर्मामीटर मधोमध खुपसा. ५५ ते ६५ अंश असेल तर हात लावू नका. ७०कडे चालला तर मात्र उलटापालट करा, नाहीतर आपलेच जीवाणू मरतील. ओलाव्यासाठी मूठभर माल पिळून पाहा : बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला की पुरे. धार लागली तर हवा कोंडते आणि ढीग कुजका वास मारतो.

उलटताना आत राखेसारखा पांढुरका थर दिसेल. ती बिघाडाची खूण नाही, तिथे असेच जीवाणू वाढलेले असतात. मात्र ती भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, फुप्फुसांना सूज येऊ शकते. मास्क लावाच, आणि माल किंचित ओला करूनच हलवा.

लाकडाचे तुकडे लिग्निनमुळे मागे राहतात. ते चाळून पुढच्या ढिगात टाका.