डेटा सांभाळायचं काम संशोधकाच्या गळ्यात कसं पडलं

संशोधनासाठी अनुदान मागायचं तर हल्ली अनेक ठिकाणी प्रस्तावाला एक ‘डेटा व्यवस्थापन आराखडा’ जोडावा लागतो. कोणता डेटा गोळा करणार, तो कुठल्या स्वरूपात ठेवणार, कुणाला पाहू देणार, प्रकल्प संपल्यावर त्याचं काय होणार, हे सगळं आधीच लिहून द्यायचं. पीएचडी करणाऱ्यांसाठी विद्यापीठं यावर कार्यशाळा घेतात, आणि तिथे बसलेल्या बऱ्याच चेहऱ्यांवर ‘हे आमचं काम आहे का?’ असा भाव असतो. ही कुरकूर अगदीच अनाठायी नाही. माणूस पक्ष्यांचा, खडकांचा किंवा मतदारांचा अभ्यास करायला आलेला असतो. फायलींची कारकुनी करायला नव्हे. पण हे काम काही आज उपटलेलं नाही. ते पूर्वीही होतं, आणि ते करायला वेगळी माणसं होती. यंत्रं स्वस्त आणि सोपी होत गेली तशी ती माणसं गळत गेली. काम तेवढं मागे उरलं.

सुरुवात कार्डांपासून करू. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेची आकडेमोड वर्षानुवर्षं रेंगाळली, म्हणून १८९० च्या खेपेला हर्मन हॉलरिथचं यंत्र वापरलं गेलं. जाड कागदाच्या कार्डावर ठरलेल्या जागी भोकं पाडायची आणि ती विजेच्या यंत्राने मोजायची, अशी ती पद्धत. हॉलरिथची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली, तिलाच १९२४ साली आयबीएम हे नाव मिळालं. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड काढलं, आणि नंतरची कित्येक दशकं सर्वेक्षण करणाऱ्यांच्या दृष्टीने डेटा म्हणजे या कार्डांचे गठ्ठे.

या कार्डाची एक मोठी गैरसोय होती आणि तिचाच पुढे फायदा झाला. रकान्याला नाव नसायचं, नुसता क्रमांक. तेविसाव्या रकान्यात ४ वर भोक आहे, म्हणजे काय? पदवीधर? विधुर? की प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार? ते सांगायला ‘कोडबुक’ असायचं. मूळ प्रश्न जसाच्या तसा, प्रत्येक आकड्याचा अर्थ, ‘माहीत नाही’ साठी ९ वापरलाय की ९९, मुलाखत कुणी आणि कशी घेतली, असं सगळं त्यात असे. कोडबुक हरवलं की गठ्ठा रद्दीत गेल्यासारखाच. त्यामुळे ते लिहिण्यात टाळाटाळ करायची सोयच नव्हती.

हे गठ्ठे आणि त्यांची कोडबुकं सांभाळायला संस्थाही निघाल्या. जनमत चाचण्यांचा डेटा जपणारं रोपर सेंटर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात सुरू झालं. १९६२ मध्ये मिशिगन विद्यापीठात अनेक विद्यापीठांनी मिळून राज्यशास्त्राच्या डेटाचं सामायिक भांडार उभं केलं. तेच आज आयसीपीएसआर म्हणून ओळखलं जातं. ब्रिटनमध्ये १९६७ साली एसेक्स विद्यापीठात असंच भांडार आलं. निसर्गविज्ञानात तर त्याआधीच मोठी उडी घेतली गेली होती. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात साठाहून अधिक देशांनी हवामान, चुंबकत्व, हिमनद्या वगैरेंची निरीक्षणं घेतली आणि ती ठेवायला जागतिक डेटा केंद्रं स्थापन झाली. एक अमेरिकेत, एक सोव्हिएत संघात, शिवाय काही युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलियात. शीतयुद्ध ऐन भरात असताना एकमेकांवर कमालीचा अविश्वास असलेले दोन देश तापमानाच्या नोंदी दोन्हीकडे ठेवायला तयार झाले, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वाटते. एका ठिकाणचा साठा नष्ट झाला तरी दुसरीकडे प्रत उरावी, हा बॅकअपचा साधा नियम तिथे देशांच्या पातळीवर पाळला गेला.

१९६८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन नाय आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी समाजशास्त्रज्ञांसाठी एसपीएसएस हे सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात प्रत्येक चलाला लांब नाव देण्याची, आकड्यांचे अर्थ नोंदवण्याची आणि कोणते आकडे ‘उत्तर नाही’ म्हणून वगळायचे हे सांगण्याची वेगळी आज्ञा होती. थोडक्यात, कोडबुक आता डेटाच्या बरोबरच प्रवास करू लागलं. तरी संगणक अजून विद्यापीठाच्या संगणक केंद्रात असायचा. कार्डं खिडकीतून आत द्यायची, निकाल दुसऱ्या दिवशी घ्यायचा. आत बसलेले ऑपरेटर आणि प्रोग्रामर वेळखाऊ होते, तुसडेही असतील, पण तुमचा गठ्ठा चुकीचा असेल तर तो परत तुमच्या हातात यायचा.

मग १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर व्हिजीकॅल्क आलं. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी. धंद्याच्या हिशोबात एक आकडा बदलला की खालचे सगळे आकडे खोडून पुन्हा लिहावे लागतात, याचा त्याला कंटाळा आला होता. बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने जी स्प्रेडशीट बनवली ती खरोखरच क्रांती होती. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, १९८७ मध्ये विंडोजवर. संशोधकाला आता खिडकीपाशी उभं राहायची गरज उरली नाही.

स्प्रेडशीटला नावं ठेवायची फॅशन आहे. मी त्यात पडणार नाही. ज्याला प्रोग्रामिंग येत नव्हतं त्याच्या हाती तिने आकडेमोड दिली, आणि हे छोटं काम नव्हे. पण ती हिशोबनीसांसाठी बनली होती. तिच्यात कच्चा डेटा, त्यावरचा हिशोब आणि शेवटी दाखवायचा तक्ता हे तिन्ही एकाच पानावर नांदतात, आणि कुठला आकडा कधी, कुणी, का बदलला याचा माग आपसूक राहत नाही. शिवाय पहिल्या ओळीत रकान्याचं नाव लिहिता येतं म्हटल्यावर कोडबुक कशाला, असं वाटू लागलं. तिथेच घोटाळा झाला. पावसाच्या रकान्यात ० आहे. पाऊस पडला नाही, की मापक बंद होता? वयाच्या रकान्यात एका ओळीत ३४, दुसरीत ‘३५?’, तिसरीत ‘चाळिशी’. सात चौकोन पिवळे रंगवलेले, आणि पिवळ्याचा अर्थ ज्या सहायकाने रंगवले त्यालाच ठाऊक. तो तर नोकरी बदलून गेलेला. ज्याने कुणी दुसऱ्याच्या फायलीवर काम केलंय, त्याला हे चित्र नवं नाही.

यातून झालेले अपघात आता बऱ्यापैकी नोंदले गेले आहेत. जनुकांच्या अभ्यासकांनी २००४ मध्येच दाखवून दिलं होतं की एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकतं. ‘सेप्ट२’ टाकलं की होतं २ सप्टेंबर, ‘मार्च१’ चं होतं १ मार्च. फाइल साठवली की मूळ नाव गेलं ते गेलंच. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, पुन्हा तपासणी झाली तेव्हा एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट२ झालं सेप्टिन२. एक्सेलमध्ये आपोआप होणारे असे बदल बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली.

अर्थशास्त्रातलं उदाहरण जास्त गाजलं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ खुंटते. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या राजकारण्यांनी तो निष्कर्ष उचलून धरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या अभ्यासासाठी तोच हिशोब पुन्हा करायला घेतला, पण आकडे काही जुळेनात. त्याने लेखकांकडे फाइल मागितली, त्यांनी ती दिली. सरासरीचं सूत्र ओळ ३० ते ४९ असं हवं होतं, ते ३० ते ४४ एवढंच ओढलेलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशोबातच नव्हते. २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी फेरहिशोब मांडला, त्यात उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के वाढ आली. लोकांच्या लक्षात राहिली ती एक्सेलची चूक. खरं तर फरकाचा मोठा भाग कोणती वर्षं धरली आणि कुठल्या देशाला किती वजन दिलं यातून आलेला होता. मूळ लेखकांनी सूत्राची चूक कबूल केली, बाकीच्या टीकेवर वाद घातला. पण वाद घालता आला तो फाइल मिळाली म्हणूनच.

आणि फाइल मिळणं ही काही नेहमीची गोष्ट नव्हे. २००६ मध्ये मानसशास्त्रातल्या १४१ शोधनिबंधांच्या लेखकांकडे डेटा मागून पाहिला गेला. ७३ टक्के लेखकांनी तो दिला नाही. सगळ्यांच्या मनात खोट होती असं समजायचं कारण नाही. पुष्कळदा डेटा उरलेलाच नसतो. २०१४ मध्ये ५१६ जीवशास्त्रीय निबंधांचा असाच मागोवा घेतला, तेव्हा निबंध जुना होत जाईल तशी डेटा अस्तित्वात असण्याची शक्यता दरवर्षी साधारण १७ टक्क्यांनी घसरते असं दिसलं. ईमेल पत्ता बंद झालेला, डिस्क जुनी, ती वाचणारं यंत्र भंगारात. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. अपोलो ११ च्या चांद्रावतरणाच्या मूळ टेलिमेट्री टेप (यानाकडून आलेल्या संकेतांच्या नोंदी) टेपांच्या टंचाईच्या काळात पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं नासाला २००९ मध्ये जाहीर करावं लागलं.

याच काळात काही शाखांत मात्र वेगळं घडत होतं. प्रथिनांच्या रचना ठेवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये ब्रूकहेवन प्रयोगशाळेत अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. डीएनए क्रमांची जेनबँक १९८२ मध्ये आली. १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या जनुकशास्त्रज्ञांनी मानवी जीनोमचे नवे क्रम चोवीस तासांत सार्वजनिक करायचे असं ठरवलं. यामागे परोपकार किती आणि सोय किती हा भाग वेगळा. नियतकालिकांनी अट घातली, क्रम भांडारात जमा करून त्याचा क्रमांक दाखवा, मगच निबंध छापू. एवढं पुरलं. जिथे अशी अट नव्हती तिथे नुसत्या उपदेशाने फारसं काही हललं नाही.

साधनांच्या बाजूने बघितलं तर बरीचशी चांगली साधनं संशोधकांनी स्वतःच्या गरजेपोटी बनवलेली आहेत. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात आकडेवारीच्या विश्लेषणासाठी आर ही संगणकीय भाषा उभी केली. फर्नांडो पेरेझने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथन या प्रोग्रामिंगच्या साधनातून २०१४ मध्ये ज्युपिटर निघालं, ज्यात कोड, त्याचे निकाल आणि टिपणं एकत्र ठेवता येतात. संदर्भ सांभाळणारं झोटेरो २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलं, तेही इतिहासकारांच्या पुढाकाराने. फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट तेवढं बाहेरचं. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी लिहिलं. या साधनांमध्ये कच्चा डेटा तसाच राहतो आणि त्यावर केलेली प्रत्येक कृती कोडमध्ये लिहिलेली असते. स्प्रेडशीटने पुसलेला माग इथे परत मिळतो. अडचण एकच, हे शिकायला वेळ लागतो, आणि अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना प्रोग्रामिंगच्या चांगल्या सवयी शिकवायला सुरुवात केली, ती याच पोकळीमुळे. त्यातून संशोधकांना अशा सवयी शिकवणारी सॉफ्टवेअर कार्पेंट्री उभी राहिली. पुढे डेटा कार्पेंट्री आली आणि २०१८ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या. दोन दिवसांच्या त्यांच्या कार्यशाळांत स्प्रेडशीटचा धडाही असतो: एका चौकोनात एकच गोष्ट, एका ओळीत एकच नोंद, रंगाने अर्थ सांगू नका, मूळ फाइलला हात लावू नका. पन्नास वर्षांपूर्वी कार्डांनी जे सक्तीने करून घेतलं, तेच आता समजावून सांगावं लागतं.

अनुदान देणाऱ्यांनी मनावर घेतलं ते उशिराच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००३ मध्ये वर्षाला पाच लाख डॉलर किंवा जास्त मागणाऱ्यांकडून डेटा इतरांना देण्याची योजना मागायला सुरुवात केली. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने जानेवारी २०११ पासून प्रत्येक प्रस्तावासोबत दोन पानांपर्यंतचा आराखडा सक्तीचा केला. त्या दोन पानांनीच ही सगळी कार्यशाळांची चळवळ गावोगाव पोचवली म्हणायला हरकत नाही. २०१३ मध्ये युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेने झेनोडो हे भांडार उघडलं, तिथे कुणालाही डेटा ठेवून त्याला कायमचा ओळखक्रमांक घेता येतो. २०१६ मध्ये ‘फेअर’ तत्त्वं प्रसिद्ध झाली: डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. हे माणसांना जमायला हवंच, यंत्रांनाही जमायला हवं, यावर त्यात भर आहे. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. फेअर म्हणजे सगळ्यांसाठी खुला, असं नव्हे. रुग्णांचा डेटा कुलपात राहू शकतो. तो आहे, कसला आहे आणि कुणाकडे मागायचा, एवढं बाहेर कळायला हवं.

राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा नवा नियम २५ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. पाच लाखांची मर्यादा त्यात गेली. शास्त्रीय डेटा निर्माण करणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रकल्पाला आता आराखडा द्यावा लागतो. त्यातली एक तरतूद फारशी चर्चेत आली नाही, पण मला ती आराखड्याच्या सक्तीइतकीच महत्त्वाची वाटते. डेटा नीट करणं, त्याचं वर्णन लिहिणं आणि भांडारात ठेवणं, या कामांचा वाजवी खर्च अनुदानाच्या अंदाजपत्रकात दाखवता येतो. म्हणजे त्यासाठी माणूस नेमायची वाट उघडली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टसारख्या विद्यापीठांनी तर एकेका विद्याशाखेत यासाठी स्वतंत्र माणसं नेमलीही आहेत. त्यांना डेटा स्टुअर्ड म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकजण स्वतः पीएचडी केलेले असतात आणि संशोधकांच्या फायली त्यांच्याशेजारी बसून बघतात. बाकी बहुतेक ठिकाणी हे काम अजून ग्रंथपाल आणि संगणक विभाग यांच्यामध्ये लोंबकळत आहे, आणि आराखडा रात्री जागून पीएचडीचा विद्यार्थीच लिहितो.