लाइन फुटली, लाइन गेली, लाइन बिझी

‘इंग्रजीत एका शब्दाचे पन्नास अर्थ, सगळा घोळ. संस्कृतात तसं नाही, म्हणून तर नासाने कॉम्प्युटरसाठी संस्कृत निवडली.’ हा फॉरवर्ड दर काही महिन्यांनी पुन्हा उगवतो. झालं होतं एवढंच, की नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली एक लेख लिहिला. संस्कृत वैयाकरणांची वाक्य उलगडण्याची रीत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या एका पद्धतीशी जुळते, असा त्यांचा मुद्दा होता. नासाने निवडलं-बिवडलं काही नाही. आणि अनेक अर्थांचं म्हणाल, तर ‘सैंधव आण’ हे उदाहरण आपल्याच शास्त्रकारांचं. जेवताना म्हटलं तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा! संदर्भावरून अर्थ कसा ठरतो याची यादीच वैयाकरण भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात दिली आहे.

मुळात अनेक अर्थ असणं हा दोष नाहीच. ‘लाइन’ हा शब्द घ्या. सोलापुरात पाण्याची लाइन फुटते, फोनची लाइन बिझी लागते, रेशनला लाइन असते. ‘रेल्वे लाइन्स’ तर राहायचा भाग आहे. मोहोळ-बार्शीकडचा शेतकरी ‘लाइन आली का?’ विचारतो तेव्हा त्याला मोटर चालू करायची असते. पोरगं लाइन मारतं ते वेगळंच. या सगळ्याचं मूळ लॅटिन ‘लिनम’मध्ये, म्हणजे ज्याची आपण चटणी करतो त्या जवसात. जवसाच्या खोडातून निघणारा तंतू म्हणजे लिनन आणि त्याचा धागा म्हणजे ‘लिनिया’. धागा ताणला की सरळ रेघ मिळते. गवंडी आजही विटांचा थर धरायला लाइनदोरीच ताणतो. रेघेवरून रांग, रूळ, तार आणि नळ इथपर्यंत शब्द घरंगळत आला.

जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये दाखवलं की शब्द जितका वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. ढोबळमानाने शंभरपट वापर असेल तर अर्थ दहापट. ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत.

मग ऐकताना आपला गोंधळ का उडत नाही? याचं उत्तर शोधणारा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांचा १९७९ चा प्रयोग मला फार आवडतो. एखादा शब्द कानावर पडला की त्याच्या नात्यातला शब्द आपण चटकन ओळखतो. ‘मिरची’ ऐकल्यावर ‘ठेचा’ लवकर वाचला जातो. स्विनींनी याच गोष्टीचा उपयोग केला. लोकांच्या कानाला हेडफोन, समोर पडदा. कानात वाक्य चालू असताना पडद्यावर अक्षरं येणार आणि तो खरा शब्द आहे की नाही, ते बटण दाबून सांगायचं. वाक्यात शब्द होता ‘बग’. इंग्रजीत त्याचा एक अर्थ किडा, दुसरा चोरून ऐकायचा मायक्रोफोन. वाक्य असं, की सरकारी इमारतीतल्या खोलीच्या कोपऱ्यात माणसाला कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले. म्हणजे अर्थ किडेच, शंकेला जागा नाही. तरीही ‘बग्ज’ ऐकताक्षणी पडद्यावर ‘मुंगी’ या अर्थाचा शब्द आला तर तो लवकर ओळखला गेला, आणि ‘हेर’ या अर्थाचाही! ‘शिवणे’ या अर्थाचा, कशाशीच संबंध नसलेला शब्द मात्र मागे राहिला. कानात आणखी तीन अक्षरं गेल्यावर, म्हणजे सेकंदभराच्या आतच, तीच चाचणी घेतली तर ‘मुंगी’चा फायदा टिकून होता आणि ‘हेर’चा संपला होता.

थोडक्यात, झुरळं डोळ्यांसमोर असतानाही मेंदूने हेराचं दार उघडलं होतं. दोन्ही अर्थ आधी वर येतात, नको तो नंतर दाबला जातो. आपल्याला त्यातलं काहीच जाणवत नाही.

सगळे अनेकार्थी शब्द सारखे नसतात. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की एकमेकांशी नातं नसलेले अर्थ (कुत्र्याचं भुंकणं आणि झाडाची साल, दोन्हींना इंग्रजीत ‘बार्क’) शब्द ओळखण्याचा वेग कमी करतात, पण नात्यातले अर्थ तो वाढवतात. या हिशेबाने ‘लाइन’चं गोतावळ्यासारखं कुटुंब तोट्याचं नव्हे, फायद्याचं ठरावं.

कॉम्प्युटरचं काय? कॉम्प्युटर शब्दाचा अर्थ आकड्यांत साठवतो. त्यासाठीच्या २०१३ च्या ‘वर्ड-टू-व्हेक’ या पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच यादी होती. उजनीची लाइन आणि रेशनची लाइन एकाच खात्यात. २०१८ मध्ये आलेलं ‘बर्ट’ हे भाषेचं मॉडेल शब्दाच्या आधीचे आणि नंतरचे शब्द एकदम बघून आकडे बदलतं. कानाला ती सोय नाही. ‘लाइन’ ऐकू येते तेव्हा पुढचं ‘फुटली’ बोलणाऱ्याच्या तोंडातच असतं, त्यामुळे तोवर सगळे अर्थ तयार ठेवावे लागतात.